दाराजवळच्या खिळ्यावरची कात्री

ही गेल्याचं कळलं, तेव्हा मी एका कोटाला बाही लावत होतो. डावी बाही लागली होती, उजवी टाचण्यांवर होती. लेकीचा फोन आला. ती हॉस्पिटलात आईजवळ होती. म्हणाली, "बाबा, आधी बसून घ्या." मी म्हणालो, "बसलेलाच आहे गं. शिंपी उभा कधी असतो?" आणि हसलोसुद्धा. पलीकडून काही आवाज आला नाही, तेव्हा कळलं.

ऑपरेशन साधं आहे असं सगळेच म्हणत होते. मी दुकान उघडं ठेवलं होतं ते हिनेच सांगितलं म्हणून. "इथे बसून माझं तोंड काय बघता? कोट पुरा करा," म्हणाली होती. माझ्या ओठांत दोन टाचण्या होत्या. फोन ठेवल्यावरही त्या तशाच होत्या. शेजारच्या लाँड्रीवाल्याने येऊन त्या काढल्या, मशीनवरच्या उशीत खोचल्या आणि माझ्या दुकानाचं शटर ओढलं.

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं. दुकान पुढे, घर मागे, आणि त्यामागे छोटं अंगण, अशी आमची जागा आहे. ही हॉस्पिटलात होती तेवढे दिवस मी खडूला अंगणातच सोडत होतो. त्या दिवशी अंगणातही माणसं उभी होती. खडू दारात, खिळ्यावर टांगलेल्या पट्ट्याखाली बसून माझ्याकडे बघत होता. कुत्र्याला कोण गेलं, कोण आलं, काय सांगणार? त्याला बाहेर जायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

खडू म्हणजे आमचा कुत्रा. दुकानामागे आम्ही कापडाच्या कातरणांचं पोतं ठेवायचो, त्यात तो पिल्लू असताना सापडला. हिने त्याला आत आणून टेबलाखाली ठेवलं, तर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझा खुणा करायचा खडू खाल्ला. तोंड पांढरं करून आमच्याकडे बघत बसला. ही इतकी हसली की हातातलं काम खाली ठेवावं लागलं. नाव तिथेच पडलं.

पुढे जरा मोठा झाल्यावर त्याला एका मोठ्या कुत्र्याने गल्लीच्या कोपऱ्यावर धरला. ओठ फाटला. टाके पडले. जखम भरली, पण तेव्हापासून रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की हा वेडापिसा व्हायचा. दोन पायांवर उभा राहायचा, पट्टा ताणायचा, घसा बसेपर्यंत भुंकायचा. माणसांवर कधी नाही. घरात तर कोकरू. पण रस्त्यावरच्यांना घरातलं कुठे दिसतं? लाँड्रीवाल्याने त्याचं नाव 'खडूस' करून टाकलं. "मास्तर, खडूस निघाला बघा फिरायला, रस्ता मोकळा करा," असं तो ओरडायचा. ही त्याला म्हणायची, "तुमच्या इस्त्रीने शर्ट जाळला त्या दिवशी तुम्हाला कोणी नाव ठेवलं का?"

खडूला फिरवायचं काम हिचंच होतं. मी सकाळी दुकान झाडायचो आणि ही त्याला घेऊन जायची. कमरेला एक थैली बांधायची. अस्तराच्या उरलेल्या कापडाची, स्वतःच शिवलेली. थैलीच्या तोंडात पातळ पत्रा घातला होता, म्हणजे एका हाताने उघडते आणि आपोआप मिटते. त्यात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. तुकडा केवढा, तर शर्टाच्या बटणाएवढा. कोटाच्या बटणाएवढा नाही. तो मोठा होतो, चावत बसतो, तोवर पुढचं कुत्रं येतं, असं तिचं म्हणणं.

मी चिडवायचो. "सगळी लाच खातोय तो."

"लाच नव्हे, पगार," ही म्हणायची. "लाच आधी देतात. मी काम झाल्यावर देते."

"काम कसलं त्याचं?"

"दुसरं कुत्रं दिसलं की माझ्याकडे बघायचं. त्याच्या डोक्यात काय बसलंय, की दुसरं कुत्रं दिसलं म्हणजे आता चावणार. मला त्याच्या डोक्यात बसवायचंय, की दुसरं कुत्रं दिसलं म्हणजे आता खायला मिळणार. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. लांबून सुरू करायचं, भुंकायच्या आधी द्यायचं, आणि घाई करायची नाही."

"मला बरं असं बटणाएवढं काही मिळत नाही."

"तुम्ही भुंकायचं थांबवा, मग बघू."

परत आली की हिच्या कपड्यांना बाहेरचा गारवा असायचा आणि हाताला कोंबडीचा वास. मी चहा करून ठेवलेला असायचा. हात न धुता कपाला हात लावते म्हणून मी रोज ओरडायचो आणि ती रोज तसाच लावायची. आता कप स्वच्छ असतात.

ही गेली त्या संध्याकाळी मी दाराजवळच्या खिळ्यावरची थैली घेतली. त्यातले तुकडे कधीच खराब झाले होते, ते टाकले, शेजाऱ्यांनी आणलेल्या ताटातलं हाताला लागेल ते भरलं आणि निघालो. कोपऱ्यावर, रस्त्याच्या पलीकडे, पोस्टातल्या बाई उभ्या होत्या. पूर्वी पोस्टात होत्या, आता घरीच असतात. त्यांच्याकडे एक राखाडी कुत्री आहे, उंच, शांत. या बाई मला कधीच आवडल्या नव्हत्या. आमचा कुत्रा कसा आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत असताना हटकून त्याच कोपऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. खडूने राखाडी कुत्रीला पाहिलं. मी थैलीचं तोंड चाचपत राहिलो. त्याने जी उडी घेतली, ती मला घेऊनच. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर आपटलो. मनगट सुजलं. बाई पलीकडून काहीतरी ओरडून विचारत होत्या, मी उत्तर दिलं नाही. पायरीवर बसून राहिलो. खडू भुंकून दमला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

लेक काही दिवस राहिली. तिने मनगट पाहिलं. आधी मलम लावलं, मग बोलली.

"बाबा, याला मी घेऊन जाते. यांच्या मावसभावाच्या कारखान्याला मोठं आवार आहे. राखणीला कुत्रा हवाच आहे त्यांना."

"साखळीने बांधतील."

"बांधतील. पण तुमचा हात मोडणार नाही. हात मोडला तर शिवणार कशाने, तोंडाने?"

"तुझ्या आईने..."

"आई आता नाहीये, बाबा." हे बोलून ती स्वतःच रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "मुलांच्या सुट्टीत येईन मी. तोवर बघा तुम्ही. तुम्ही त्याला घेऊन नीट फिरू शकलात तर राहू दे. नाहीतर मी घेऊन जाणार. मग रागावायचं नाही."

तिचं चूक नव्हतं. मी हो म्हणालो.

मग मी सुरू केलं. कोंबडी उकडली, बटणाएवढे तुकडे केले, थैली बांधली. पण माझा हात कायम उशिरा पोचायचा. खडू भुंकायला लागायचा, मग मी तुकडा पुढे करायचो, तो तुकडा घ्यायचा आणि गप्प व्हायचा. मला वाटलं, जमलं. थोड्याच दिवसांत तो दुसरं कुत्रं दिसलं की भुंकायचा आणि मान वळवून थैलीकडे बघायचा. लाँड्रीवाला दारात उभा राहून हे बघत होता. म्हणाला, "मास्तर, तुम्ही त्याला भुंकायचं बक्षीस देताय."

"तुम्ही तुमच्या इस्त्रीकडे बघा."

"बघतोय. जित्याची खोड आहे ती, मास्तर. मेल्याशिवाय जायची नाही."

मग त्याने जीभ चावली आणि आत गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "चहा घेणार का?" आम्ही चहा घेतला.

आता कात्रीचं सांगतो.

आमच्या धंद्यात धागे कापायची एक छोटी कात्री असते. बोटं घालायला कड्या असलेली, मुठीत बसणारी. माझी मशीनजवळ असते. हिची एक जुनी होती, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मीच आणून दिलेली. तिचा मधला खिळा सैल झाला होता. दाबली की 'टक' असा मोठा आवाज यायचा. पुढे हिने बटणांची काजं करायला दुसरी कात्री घेतली आणि ही जुनी दाराजवळच्या खिळ्यावर, पट्ट्याशेजारी टांगून ठेवली. मी एकदा म्हणालो, "धार लावून आणतो, खिळाही घट्ट करून घेतो." तर अंगावर आली. "तिला हात लावायचा नाही. तिने काम करायचं तर नाहीच नाही." मला वाटलं, शिंप्याचा हट्ट. आमच्यात कात्री कोणी कोणाला देत नाही. मीसुद्धा माझी मोठी कात्री हिला कधी कागद कापायला दिली नाही.

ही गेल्यावर मी ती कात्री खिळ्यावरून काढली आणि कामाला घेतली. दुसरं कारण काही नाही. हिच्या बोटांनी कड्या गुळगुळीत झाल्या होत्या. माझी बोटं त्यात घातली की बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी धागा कापला, टक, आणि टेबलाखालून खडूने झटकन मान वर केली. डोळे माझ्यावर, कान उभे. मला वाटलं, याने हिची कात्री ओळखली. याला वाटतंय, ती आली. पुन्हा कापला, पुन्हा मान वर. मग मला तो नादच लागला. धागा नसतानाही मी उगीच कात्री दाबायचो. टक. तो बघायचा. मी म्हणायचो, "नाही रे, मी आहे." दुकानात आम्ही दोघंच, आणि हिची आठवण काढायची ही आमची दोघांची रीत झाली, असं मी धरून चाललो होतो.

हळूहळू तो कमी बघायला लागला. आधी नुसता कान हलवायचा. पुढे डोळे उघडायचा आणि मिटायचा. मग तेही बंद झालं. मी टक करायचो आणि तो झोपलेलाच असायचा. मला फार लागलं ते. लेकीला फोनवर सांगितलं, "कुत्रं ते कुत्रं. विसरला तिला." लेक म्हणाली, "बघा, मग कशाला जीव टाकता त्याच्यावर?" आणि सुट्टी जवळ आल्याचंही सांगितलं.

पोस्टातल्या बाई मी पडलो त्या दिवसानंतर कोपऱ्यावर दिसल्या नव्हत्या. एका दुपारी त्या दुकानात आल्या. एकट्याच. जॅकेटची चेन बदलायची होती. मी जॅकेट घेतलं, चेन उसवायला लागलो. त्या उभ्याच राहिल्या.

"मास्तर, मनगट कसं आहे?"

"बरं आहे."

"मी मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जाते हल्ली. म्हटलं, तुम्हाला त्रास नको. पण मग वाटलं, तुम्हाला काही माहीत आहे की नाही?"

"काय माहीत?"

"मी त्या कोपऱ्यावर का उभी राहायचे ते."

मी चेन उसवत राहिलो. माझं जे मत होतं ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

"तुमच्या मिसेसनी सांगितलेलं होतं मला. माझी कुत्री शांत आहे ना, म्हणून. आमचं ठरलेलं असायचं. मी पलीकडे उभी राहायची, हलायचं नाही. त्या लांबून यायच्या. खडूने माझ्या कुत्रीला पाहिलं, की त्या खिशात काहीतरी वाजवायच्या, टक करून, आणि मग खायला द्यायच्या. पहिल्यांदा तर त्या मला पार चौकातल्या दिव्याखाली उभं करायच्या. कितीतरी दिवसांनी कोपऱ्यापर्यंत आलो आम्ही. थंडीत माझे पाय गारठायचे. त्या म्हणायच्या, तुम्हाला एक कोट शिवून देते मी, फुकट, पण हलू नका."

माझ्या हातात हिची कात्री होती. मी ती दाबली. टक.

"हाच," बाई म्हणाल्या. "हाच आवाज."

दोघांनीही टेबलाखाली पाहिलं. खडू झोपलेला होता.

"तो आवाज आला की खायला मिळणारच, असं होतं ना ते," बाई म्हणाल्या. "त्या म्हणायच्या, माझा हात थैलीत जायला उशीर होतो, पण कात्रीला उशीर होत नाही. त्याने बघितलं त्याच क्षणी सांगता येतं. शाब्बास, आता देते."

बाई गेल्यावर मी बराच वेळ काही शिवलं नाही. खडू हिला विसरला नव्हता. मी दिवसभर त्याला सांगत होतो, आता देतो, आता देतो, आणि दिलं एकदाही नाही. त्याने बिचाऱ्याने किती दिवस मान वर केली. हिने थंडीत हिंडून त्या आवाजात जे काही भरलं होतं, ते मी दुकानात बसून धागे कापून रिकामं केलं. तेही हिच्या आठवणीत.

कात्री मी पुन्हा खिळ्यावर टांगली. त्या दिवसापासून दुकानात धागा ब्लेडने कापतो. माझी स्वतःची छोटी कात्रीसुद्धा खणात टाकली, उगीच आवाजांची गल्लत नको. लाँड्रीवाल्याने विचारलं, "मास्तर, कात्री गहाण टाकली की काय?" मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "वहिनींनी हे मला सांगितलं असतं तर मी त्याला खडूस म्हटलं नसतं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खडूसच म्हणाला.

सुरुवात घरातून केली. बाहेर कुठे जायचं नाही. स्वयंपाकघरात उभं राहायचं, टक, लगेच तुकडा. टक, लगेच तुकडा. पहिले काही दिवस खडू माझ्याकडे संशयाने बघत होता. फसवलं गेलेलं गिऱ्हाईक बघतं तसा. पण कोंबडी खरी होती. एका सकाळी मी पाणी पीत होतो, हात खिशात होता, कात्री चुकून दाबली गेली. तो अंगणातून धावत आत आला. समोर बसला. कान उभे. मी ग्लास खाली ठेवला आणि त्याला चार-पाच तुकडे एकदम दिले. तसं द्यायचं नसतं, पण दिले.

मग बाईंच्या घरी गेलो. म्हणालो, "पुन्हा दिव्याखाली उभ्या राहाल का?"

"कोट कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

हिचा कोटाचा शब्द मी थट्टाच समजलो होतो. मी त्यांचं माप घेतलं.

बाई दिव्याखाली, मी आणि खडू पार इकडच्या टोकाला. त्याने राखाडी कुत्रीला पाहिलं, अंग ताठ झालं. टक. त्याने मान वळवली. तुकडा. पुन्हा तिकडे पाहिलं. टक. तुकडा. भुंकला नाही. पलीकडून बाईंनी हात हलवला आणि मला एकदम वाटलं, आज घरी गेल्यावर हिला सांगायचं. तसं अजूनही वाटतं, अधूनमधून.

काही वेळा बिघडलंसुद्धा. एकदा मागून एक सुटा कुत्रा आला आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा दिव्याखाली. बाई म्हणाल्या, "मागे यावं लागलं तर त्या कधी चिडायच्या नाहीत. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, म्हणायच्या." हे मात्र हिने माझ्याकडून घेतलं होतं. लग्नानंतर पहिली कॉलर चुकली तेव्हा मी म्हणालो होतो तिला.

सुट्टीत लेक आली. सकाळी तिने स्वतःच चपला घातल्या. "चला, दाखवा," म्हणाली. मी थैली बांधली, कात्री खिशात घातली. लेक माझ्या मागून चालत होती. कोपऱ्यावर, रस्त्याच्या पलीकडे, बाई उभ्या होत्या. लेक माझ्या दंडाला धरायला पुढे आली. मी म्हणालो, "सोड. पट्टा हलतो."

खडूने पाहिलं. ओठ, जिथे टाके पडले होते तो, जरा वर गेला. मी कात्री दाबली. तो क्षणभर तसाच राहिला, आणि मग त्याने वळून वर माझ्याकडे बघितलं. मी तुकडा दिला. आम्ही कोपरा ओलांडून पुढे गेलो. मागे लेक थांबली होती. वळून पाहिलं तर ती तोंडावर हात ठेवून उभी होती.

"आईसारखंच वाजलं," ती म्हणाली. "ही कात्री दारात असायची ना? मी लहानपणी बाहुलीचे कपडे कापायचे हिने."

"आता कापायचं नाही."

"नाही कापत, बाबा." मग चालता चालता म्हणाली, "मावसभावांना सांगते, दुसरा कुत्रा बघा म्हणून."

घरी आल्यावर तिने चहा केला. मी हात न धुता कप घेतला.

खडू माझ्याकडेच आहे. ब्लेडने धागे कापताना बोटाला चिरा पडतात, पण सवय होते आहे. बाईंचा कोट शिवून झाला, थंडी सुरू व्हायच्या आधी दिला. ज्या कोटाची उजवी बाही त्या दिवशी टाचण्यांवर राहिली होती, तोही पुरा करून गिऱ्हाईकाला दिला.

बाई सांगतात, हिला एकच गोष्ट पुरी करायची होती. दोन्ही कुत्री एका फुटपाथवरून, शेजारी शेजारी चालवायची. हिच्या वेळी मधला रस्ता राहिला होता. आजही तो रस्ता मध्येच आहे. बाई पलीकडे असतात, आम्ही अलीकडे.